हात पसरणे

क्रेन अडकली, एवढंच झालं.
अरौसाच्या खाडीत, तराफ्यावर, सकाळी सातला
शिनाण्यांनी लगडलेला दोर पाण्यातून अर्धा वर,
आणि ब्राइस म्हणत होता, बाबा, मेकॅनिक येऊ दे.
छप्पन्न वर्षांत मी कुणासाठी थांबलो नव्हतो.
वाकलो. ओढला.

आवाज मी एकट्यानेच ऐकला,
ओलं कापड टरकावं तसा, पण आतून.
दंडातला स्नायू सरकत खांद्याकडे गेला,
शटर वर गेलं
आणि दुकान बंद झालं.

विलागार्सियाच्या डॉक्टर किंतान्सने
वर पळालेली कंडरा शोधून खाली आणली,
हाडाला भोक पाडलं, बटणाने टाचली.
बटण नखाएवढंही नाही म्हणे.
तेवढ्याशा धातूवर माझे दोन तराफे लटकलेत,
आणि शर्टाचं बटण
दोरिंदा लावते.

ती काही बोलत नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

उशिया माझ्या मुलीहून लहान.
तिच्याकडे एक इवलीशी किल्ली आहे,
माझ्या कोपरावरच्या बिजागरीची.
दर सोमवारी ती दहा अंश मोकळे करते,
महिनाअखेरीला पैसे मोजावेत तसे, जपून.
कॉफीचा कप? चालेल. अर्धा.
किटली? नाही.
नातीला उचलायचं?
तिने नातीचं वजनसुद्धा विचारलं नाही.

घरी हातोडी घेऊन बसतो.
हिनेच निलगिरीच्या तुळया ठोकल्या होत्या, तराफा नवा होता तेव्हा.
आता फक्त दांडा धरायचा आणि सावकाश फिरवायचा:
पालथा, उभा, उताणा.
पालथा जमतो.
उताण्याच्या वाटेवर हातोडीचं डोकं थरथरतं,
मनगट मध्येच कुठेतरी विचारात पडतं.
डावा हात समोर बसून बघतो.
याचा सगळा मळ त्याच्यावर पडलाय सध्या.

नवव्या आठवड्यात पाववालीने सुटे परत दिले.
तळवा तिरपा राहिला, नाणी घरंगळली,
दुकानातले सगळे खाली वाकून शोधू लागले
आणि मी उभा.

"हात पसरा, सेवेरिनो," उशिया म्हणते. "पूर्ण."
बाप गेला तेव्हा बँकेपुढे पसरला नाही.
खाडीत विष आलं, चार महिने शिनाणे काढायला बंदी होती,
तेव्हा मेहुण्यापुढे पसरला नाही,
तो आपणहून दारात आला होता तरी.
आता या पोरीपुढे
दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा पसरतो
आणि तो पुरता पसरत नाही.
"अजून थोडा," ती म्हणते.
मला वाटतं, हे ऐकायला
मेहुण्यालाही आवडलं असतं.

चौदाव्या आठवड्यात तराफ्यावर गेलो, सामानासारखा.
क्रेनवर दोरिंदा बसली होती.
कधी शिकली, मला माहीत नाही.
दोर हिसका न देता वर आला,
काळा, जड, पाणी सांडत,
आणि मध्ये एकदा अडकला.
ती थांबली.
इंजिन बंद केलं, हात पुसले, वाट पाहिली.
ब्राइसने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग तिने एक शिनाणा तोडून माझ्यापुढे धरला.
उजवाच हात पुढे गेला.
तळवा वर. कोपर जवळजवळ सरळ;
बारा अंश राहिलेत,
राहतीलही कदाचित, उशिया म्हणते.
शिंपल्यातलं खारं पाणी
त्या बारा अंशांच्या उतारावरून
मनगटापासून कोपराकडे आलं,
शिवलेल्या जागेपाशी किंचित घुटमळलं,
आणि बाहीत गेलं.
गार होतं.